स्त्रीपर्वाची लेखिका : ज्योतिर्मयी देवी

आमच्या ओसरीवर तानपुऱ्यांच्या खुंट्यांखाली एक कोनाडा आहे. माझ्या लहानपणी त्या कोनाड्यात एक पितळी फुलपात्र पालथे घातलेले असे. घरातली बाकीची भांडी स्वयंपाकघरात घासली जात, हे मात्र ओसरीवरच विसळले जाई आणि पुन्हा तेथेच पालथे पडे. आम्ही मुलांनी त्यातून पाणी प्यायचे नाही एवढे आम्हांला ठाऊक होते. का, ते कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

माझे वडील तरुणपणी ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत गाणारे. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, नोकरी गेली आणि त्यांनी शिकवण्या धरल्या. मी त्यांच्या उतारवयात झालेला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. शिकवणी मात्र पाहिली, आणि आज तीच करतो. त्यांच्या जुन्या शिष्यांपैकी एक बाई मला चांगल्या आठवतात. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या, भावाच्या आश्रयाने राहणाऱ्या. आम्ही त्यांना बहेनजी म्हणत असू. त्यांचा गळा असा होता की वडील शिकवता शिकवता थांबून ऐकत. पण त्या कधी मैफलीत गायल्या नाहीत, आणि आमच्या माजघराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. ते फुलपात्र त्यांचे होते. माझ्या आजीने ते वेगळे काढले होते, आणि आजी गेल्यावरही ते वेगळेच राहिले.

बहेनजी वारल्यावर आईने मला त्याचे कारण सांगितले. १९४७ च्या पावसाळ्यात त्या घरच्यांपासून तुटल्या. काही महिने त्यांचा पत्ता नव्हता. मग त्या सापडल्या आणि त्यांना भावाकडे आणून सोडण्यात आले. मधल्या काळाविषयी त्या बोलल्या नाहीत. आजीने तेवढ्यावरून जे ठरवायचे ते ठरवले होते.

ही घरातली गोष्ट चारचौघांत सांगण्याचे कारण एक पुस्तक होय. काही वर्षांपूर्वी एका बंगाली स्नेह्यांनी ते मला वाचावयास दिले. लेखिका ज्योतिर्मयी देवी. बंगालमध्ये हे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे ते फारसे पोचले नाही, याचे मला वाईट वाटते. कारण या बाई एका परीने आपल्यातल्याच होत. आपण जसे शिंद्यांबरोबर येऊन येथे रुजलो, तशा त्या परक्या प्रांतातील संस्थानात रुजलेल्या घराण्यातल्या होत्या.

ज्योतिर्मयी देवींचा जन्म १८९४ साली जयपूर येथे झाला. जयपूर आणि बंगाल यांचे नाते जुने. १७२७ साली सवाई जयसिंहांनी जी नगरी वसवली तिच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचा मोठा हात होता. गोविंददेवजींच्या मंदिराची सेवाही गौडीय गोस्वामींकडे असे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेले बंगाली शिक्षक आणि कारभारी तेथे येऊ लागले. त्यांतले एक संसारचंद्र सेन. शिक्षक म्हणून आलेले हे गृहस्थ महाराजा दुसरे माधोसिंह यांचे दिवाण झाले. ज्योतिर्मयी या त्यांच्या नात. वडील अविनाशचंद्र हेही राज्याच्याच सेवेत होते.

अशा घरातील मुलीचे बालपण कसे असते हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. घरात बंगाली, दारात जयपुरी बोली, हवेलीत पडदा. मुलांसाठी शाळा, मुलींसाठी जेमतेम अक्षरओळख. पण आजोबांचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि त्याला कुलूप नव्हते. शाळेने जे दिले नाही ते या मुलीने त्या कपाटांतून घेतले. राजवाड्यातली जनानी ड्योढी, म्हणजे राजस्त्रियांचा वेगळा महाल, ही त्या काळच्या जयपुरात एक स्वतंत्र दुनियाच होती. राण्या, पडदायती, दासी, त्यांचे मानपान आणि त्यांचे एकटेपण, यांच्या कहाण्या त्या मुलीच्या कानावर येत. पुढे राजस्थानच्या अंतःपुरातील स्त्रियांवर त्यांनी ज्या कथा लिहिल्या त्यांचे बीज येथले. संस्थानी वैभवाच्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या. ते वैभव ज्यांच्या वाट्याला बंद दाराआडून आले त्यांच्या गोष्टी या बाईंनी लिहिल्या.

त्याच काळातली एक हकीकत जयपुरात अजून सांगतात. १९०२ साली माधोसिंह महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस निघाले. समुद्र ओलांडायचा, तर शुद्धतेचे काय? म्हणून त्यांनी चांदीचे पुरुषभर उंचीचे प्रचंड रांजण गंगाजलाने भरून जहाजावर बरोबर नेले. ते रांजण आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. ज्योतिर्मयी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. राजाची शुद्धता गंगेच्या पाण्याने साता समुद्रांपलीकडे टिकली, याचे त्या नगरीला केवढे कौतुक वाटले असेल! त्यांच्या मोठ्या कादंबरीच्या नावातही पुढे गंगा आली, पण त्या गंगेच्या दोन तीरांमध्ये सापडलेल्या मुलीला शुद्ध करील असे पाणी कोणापाशीच नव्हते. हा मेळ मी माझ्या मनाने घालतो आहे. पण ते पुस्तक वाचताना ते रांजण माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

दहाव्या वर्षी ज्योतिर्मयींचे लग्न झाले. पती किरणचंद्र सेन वकील होते. संसार चौदा वर्षांचा. १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत किरणचंद्र गेले. पंचविशीच्या आत वैधव्य आणि पदरी सहा मुले, अशा स्थितीत त्या जयपूरला माहेरी परतल्या. विधवेचे आचारनियम, एकत्र कुटुंबाची कामे, मुलांची आजारपणे, यांतून सवड काढून त्या पुन्हा त्या ग्रंथसंग्रहाकडे वळल्या. स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील जॉन स्टुअर्ट मिल्लचे पुस्तक त्यांच्या हाती आले, आणि आपल्या मनात जे घोळते आहे ते दुसऱ्या कोणी स्पष्ट मांडलेले आहे असे त्यांना दिसले. १९२१ साली 'भारतवर्ष' मासिकात 'नारीर कथा' हा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तेथून त्यांचे लेखन सुरू झाले ते साठ वर्षांहून अधिक काळ. कथा, कविता, निबंध, कादंबऱ्या, आठवणी. घर त्यांनी सोडले नाही आणि लेखणीही सोडली नाही.

आता १९४६ सालाकडे यावयाचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भीषण दंगल झाली. ऑक्टोबरमध्ये कोजागरीच्या सुमारास पूर्व बंगालातील नोआखाली आणि तिपेरा जिल्ह्यांत वणवा पेटला. माणसे मारली गेली, घरे जाळली गेली, स्त्रिया पळवल्या गेल्या. महात्माजी नोव्हेंबरात तेथे पोचले आणि मार्चपर्यंत त्या भागात राहिले, गावोगाव पायी हिंडले. पुढच्या वर्षी देश तुटला आणि पंजाबात जे झाले ते याच्या कितीतरी पट होते. सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात पळवून ठेवलेल्या मुसलमान स्त्रिया सुमारे ५०,००० आणि पाकिस्तानात पळवून ठेवलेल्या हिंदू व शीख स्त्रिया सुमारे ३३,००० होत्या. हे आकडे दोन्ही बाजूंचे एकत्र वाचावेत, म्हणजे कोणा एका धर्माकडे बोट दाखविण्याची सोय राहत नाही.

या स्त्रियांना शोधून परत आणण्याचे काम दोन्ही सरकारांनी हाती घेतले. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी त्यात स्वतःला झोकून दिले. १९४९ साली त्यासाठी कायदाही झाला. त्या कायद्यात स्त्रीची स्वतःची इच्छा विचारण्यास जागा नव्हती, आणि बंगालला तो लागूच नव्हता. पण त्याहून मोठी अडचण निराळी होती. परत आलेल्या मुलींना घरात घ्या, त्यांचा दोष नाही, असे आवाहन गांधीजींना आणि पंडित नेहरूंना पुन्हा पुन्हा करावे लागले. याचा अर्थ उघड आहे. पुष्कळ घरांची दारे बंद होती.

या बंद दारावर लिहिणारे थोडे होते. सआदत हसन मंटोंनी १९४८ साली 'खोल दो' लिहिली. ती छापणारे लाहोरचे नियतकालिक सहा महिने बंद ठेवण्यात आले. राजिंदरसिंह बेदींनी 'लाजवंती'त परत आलेल्या बायकोला देवी म्हणून पूजणारा, पण तिचे ऐकून न घेणारा नवरा दाखवला. अमृता प्रीतम यांची 'पिंजर' १९५० ची. ज्योतिर्मयी देवींची कादंबरी या सर्वांच्या बरीच मागाहून आली. फाळणीला वीस वर्षे होत आली तेव्हा ती 'प्रवासी'च्या शारदीय अंकात 'इतिहासे स्त्रीपर्व' या नावाने प्रसिद्ध झाली, आणि नंतर 'एपार गंगा ओपार गंगा' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. अलीकडचा तीर, पलीकडचा तीर. १९९५ साली एनाक्षी चटर्जी यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. मी वाचले ते तेच.

सुतारा ही नोआखालीतील एका खेड्यातली शाळकरी मुलगी. वडील तेथल्या शाळेत शिक्षक. एका रात्री घरावर हल्ला होतो. वडील मारले जातात, आई तळ्याकडे धावते, थोरली बहीण दिसेनाशी होते. सुतारा शुद्धीवर येते ती शेजारच्या तमीजुद्दीन यांच्या घरात. हे मुसलमान कुटुंब तिला उचलून आणते, तिची शुश्रूषा करते, सहा महिने तिला सांभाळते आणि स्वतःला धोका पत्करून तिच्या भावांकडे कलकत्त्यास पोचवते.

येथे कोणालाही वाटेल की संकट संपले. खरी कादंबरी येथे सुरू होते. भाऊ राहतो आपल्या सासुरवाडीस. त्या सुशिक्षित, सालस घरात सुताराला कोणी मारीत नाही, शिव्या देत नाही. फक्त तिने पाण्याला हात लावू नये. स्वयंपाकघरात येऊ नये. सहा महिने मुसलमानाच्या घरचे अन्न खाल्लेली, आणि आणखी काय काय झालेली कोण जाणे, अशी ही मुलगी घरात असली तर घरच्या मुलींची लग्ने कशी व्हायची? भाऊ गप्प राहतात. तिला ख्रिस्ती बायकांच्या वसतिगृहात ठेवण्यात येते. सुट्टीत इतर मुली घरी जातात, ती तेथेच राहते. घरातल्या लग्नाला तिला बोलावणे येते, पण पंगतीला ती इतरांबरोबर चालत नाही. ती शिकते, मोठी होते, दिल्लीच्या एका स्त्रियांच्या महाविद्यालयात इतिहास शिकवू लागते. महाविद्यालयाचे नाव लेखिकेने ठेवले आहे याज्ञसेनी. म्हणजे द्रौपदी.

सबंध कादंबरीला महाभारतातील पर्वांची नावे आहेत. आदिपर्व, अनुशासनपर्व, स्त्रीपर्व. आपण सारे कीर्तने ऐकत वाढलो, तेव्हा मूळचे स्त्रीपर्व आपणांस ठाऊक आहे. कुरुक्षेत्रावर गांधारी आणि इतर स्त्रिया आपापल्या मृतांना शोधतात, आक्रोश करतात. पण मेलेल्यांसाठी रडणाऱ्या स्त्रियांचे ते पर्व. जिवंत राहिलेल्या आणि विटंबना सोसलेल्या स्त्रियांचे पर्व कोणी लिहिले? मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना अर्जुन घेऊन निघतो, वाटेत आभीर त्यांना पळवतात आणि गांडीव चालत नाही. अर्जुनाला काय वाटले ते आपण कीर्तनात सविस्तर ऐकतो. त्या बायकांचे पुढे काय झाले ते कोणी बुवा सांगत नाहीत. इतिहास शिकवणारी सुतारा हाच प्रश्न मनात घेऊन वर्गात उभी असते.

एक गोष्ट मला गाणे शिकविणारा म्हणून विशेष जाणवली. त्या रात्री सुतारावर नक्की काय ओढवले, हे ज्योतिर्मयी देवी कोठेही सांगत नाहीत. तिला स्वतःलाही ते नीट आठवत नाही. वाचक पाने उलटतो आणि त्याच्या लक्षात येते की आपणही तेच शोधतो आहोत जे त्या घरातल्या बायका शोधत होत्या. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. ते लावायचे नाहीत, आणि न लावल्यानेच मालकंस उभा राहतो. पण मुलांना मी सांगतो की वर्ज्य स्वर गवयाला माहीत असावा लागतो. चुकून गाळणे निराळे, जाणून सोडणे निराळे. ज्योतिर्मयी देवींनी जे सोडले ते जाणून सोडले. त्या मुलीची अब्रू त्यांनी वाचकापासूनही राखली.

आणखी एक. दंगल करणारे त्यांनी लपवले नाहीत, पण पुस्तकातील सर्वांत मायाळू घर तमीजुद्दीन यांचेच आहे. त्यांची मुलगी सकीना सुताराची मैत्रीण राहते. पुढे त्या घरातून सुताराला सून करून घेण्याची इच्छाही प्रकट होते. सुतारा ती मान्य करू शकत नाही. झाले ते विसरणे तिला जमत नाही, आणि तिचा नकार समजण्यासारखा आहे. शेवटी भावाच्या सासुरवाडीतलाच एक तरुण तिचा हात मागतो. ज्या घराने दार लावले त्याच घरातून एक फट उघडते. पुढे काय झाले हे सांगण्याची घाई लेखिका करीत नाहीत.

पुस्तक आले तेव्हा त्याचा फार गाजावाजा झाला नाही. १९७३ साली 'सोना रूपा नय' या कथासंग्रहाबद्दल त्यांना पश्चिम बंगालचा रवींद्र पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात आल्या होत्या. १९८८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कादंबरीची खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली. फाळणीच्या इतिहासात स्त्रियांचा शोध घेऊ लागलेल्या अभ्यासकांना असे आढळले की जे आपण विचारू पाहतो ते दिवाणाच्या हवेलीत वाढलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या एका विधवेने कितीतरी आधी विचारून ठेवले आहे.

मला त्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. त्यांच्यावर दंगलीचा घाला पडलेला नव्हता. त्यांनी पाहिले होते ते घर. सोवळे, पंगत, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, ही सारी व्यवस्था त्यांना आतून ठाऊक होती, कारण विधवा म्हणून तिची एक बाजू त्यांनी स्वतः सोसली होती. म्हणून हल्लेखोरांचा हिशेब त्यांनी इतिहासावर सोपवला आणि आप्तांचा हिशेब स्वतः मांडला. हल्ला एका रात्रीचा असतो. पंगतीतले वेगळे पान जन्मभराचे असते.

आपल्या जुन्या घरांना आपल्या रीतीभातींचा अभिमान आहे, आणि तो असावा. माझी आजी दुष्ट नव्हती. आल्यागेल्याला ती उपाशी जाऊ देत नसे. बहेनजींनाही तिने कधी पाण्यावाचून ठेवले नाही. फक्त फुलपात्र वेगळे ठेवले. वडील गवई होते. खाँसाहेबांच्या पायांवर डोके ठेवून विद्या घेणारे, स्वरापुढे जातपात न मानणारे. तेही त्या फुलपात्राबद्दल काही बोलले नाहीत. सुताराच्या भावांविषयी वाचताना मला राग आला, आणि मग तो राग जेथे जायचा तेथे गेला.

पुस्तक वाचून संपवले त्या दिवशी मी ते फुलपात्र काढले, चिंचेने घासले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर इतर भांड्यांत ठेवले. आईने पाहिले, बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यातूनच पाणी घेतले. बहेनजी आता नाहीत, तेव्हा त्यांना याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल तर माझ्यापाशी उत्तर नाही. हे तीस वर्षे आधी व्हावयास हवे होते.